ॲपच्या ओळखीची तीन पानं: काका अंगठा सरकवतात आणि ॲपच बंद होतं

माळरान

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण घडलं ते सगळं सांगितल्याशिवाय उत्तर देणाऱ्याला अंदाज येणार नाही.

आमच्या गावच्या दूध संस्थेसाठी मी एक छोटं अँड्रॉइड ॲप बनवतेय. गाव फलटण तालुक्यात, संस्थेचे सभासद १८० च्या आसपास. माझे बाबा तिथे सचिव आहेत, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचं संकलन, कॅन, नमुन्याच्या बाटल्या, मशीनमधून कर्रकर्र करत येणारी पावती हे सगळं लहानपणापासून बघत आलेय. ती पावती थर्मल कागदाची असते. खिशात घामाने भिजते, उन्हात ठेवली की अक्षरं उडतात. मग दहा दिवसांनी बिल निघालं की कुणीतरी येऊन म्हणतं, "मंगळवारी मला फॅट ४.१ लागली होती, तुम्ही ३.६ धरली." कागद कोरा झालेला, त्यामुळे खरं-खोटं करायला काहीच उरत नाही. ॲप यासाठी हवंय. सभासदाने आपला कोड टाकायचा आणि आज किती लिटर भरलं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) किती लागली, दर काय बसला, बिल कुठवर आलं ते बघायचं. बस्स.

पहिल्यांदा ॲप उघडलं की ओळख करून देणारी तीन पानं येतात, बोटाने सरकवायची. पहिल्यावर ॲप कशासाठी, दुसऱ्यावर पावतीवर कोड कुठे छापलेला असतो त्याचा फोटो, तिसऱ्यावर बिलाचा नमुना आणि 'सुरू करा' हे बटण. खाली तीन ठिपके. कॉटलिन भाषेत आणि स्क्रीन बनवायच्या कंपोज या साधनाने लिहिलंय, पानं आडवी सरकवायला त्यातलाच हॉरिझॉन्टलपेजर वापरलाय. मिन एसडीके २४ (म्हणजे अँड्रॉइड ७ पासून पुढे चालतं), टार्गेट ३५ (म्हणजे अँड्रॉइड १५ साठी बनवलेलं). एम्युलेटरवर (संगणकातल्या नकली फोनवर) आणि माझ्या फोनवर अगदी लोण्यासारखं चालतं.

परवा रविवारी सकाळी सहाला केंद्रावर जाऊन बसले आणि दूध घालायला आलेल्या आठ जणांच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं. काही सांगायचं नाही, नुसतं बघायचं, असं ठरवलं होतं.

पहिले आले ते आमच्या शेजारचे काका. डाव्या हातात किटली, उजव्या हातात फोन. किटली खाली ठेवली नाही, कारण रांग पुढे सरकत होती. उजव्या अंगठ्याने त्यांनी पान सरकवलं, अगदी उजव्या कडेपासून आत. ॲप बंद. परत उघडलं, परत तसंच. तिसऱ्या वेळी फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "पोरी, हे मला आत घेईना बघ." मला इतकं वाईट वाटलं! माणूस बरोबर तेच करत होता जे मी त्याच्याकडून अपेक्षिलं होतं.

आठपैकी पाच जणांच्या फोनवर असं झालं. लॉगमध्ये क्रॅश नाही, एररही नाही.

बाकीच्या गोष्टीही लिहून ठेवते, म्हणजे परत परत विचारायला नको. एक काकू पहिलं पान पूर्ण वाचून थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं, मग?" खालचे ठिपके बघून पुढे काही आहे हे त्यांना कळलंच नाही. दुसऱ्या पानावर जाताना स्वस्तातल्या फोनांवर क्षणभर अडकल्यासारखं होतं. एका जुन्या, अँड्रॉइड १० च्या फोनवर मजकुराची शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटलेली दिसली, दातांत फटी असाव्यात तशी. आणि बाबांच्या फोनवर मी ॲप काढून परत टाकलं, तरी ओळखीची पानं आलीच नाहीत, थेट कोड विचारणारा स्क्रीन आला. 'ओळख बघून झाली' ही खूण मी डेटास्टोअरमध्ये, म्हणजे फोनमधल्या ॲपच्या साठवणीत, ठेवते. ॲप काढल्यावर ती पुसली जायला हवी ना?

यातलं ज्याला जे माहीत असेल ते सांगा. मोठ्या ॲपवाल्यांसारखं नटवायचं नाहीये. काका आत गेले पाहिजेत, एवढंच.

---

करवंद

ताई, आधी काकांचं बघू.

तुमचं ॲप कोसळत नाहीये. काकांचा फोन त्यांच्या अंगठ्याला 'मागे जा' समजतोय. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून फोनमध्ये इशाऱ्यांनी फिरण्याची सोय आली. खालची तीन बटणं गेली आणि पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या, कुठल्याही कडेपासून आत बोट ओढलं की मागे जायचं. पहिल्या पानावरून मागे म्हणजे ॲपच्या बाहेर. तुमच्या फोनवर अजून तीन बटणं असणार, म्हणून तुम्हाला हे कधी दिसलं नाही. सेटिंगमध्ये जाऊन इशारे चालू करा, पाच मिनिटांत काकांसारखंच होईल.

दोन्ही हात मोकळे असलेला माणूस पडद्याच्या मध्यावर बोट ठेवून सरकवतो. एका हातात ओझं असलं की फोन तळहातात बसतो आणि अंगठा आपसूक कडेवरून सुरू होतो. तुमचे सगळे वापरणारे किटलीवाले आहेत, म्हणजे तुमच्याकडे हा अपवाद नाही, हाच नियम आहे.

उपाय दोन बाजूंनी करा.

एक म्हणजे सिस्टिमला सांगता येतं की एवढ्या भागात कडेचा इशारा तू घेऊ नकोस, तो माझा. कंपोजमध्ये त्यासाठी 'सिस्टिमजेश्चरएक्स्क्लूजन' नावाचा मॉडिफायर आहे. पण पूर्ण पेजरला लावून मोकळं होऊ नका. प्रत्येक कडेला उभ्या दिशेने २०० डीपी (डीपी हे पडद्यावरच्या लांबीचं अँड्रॉइडचं माप) एवढीच सूट मिळते, त्याहून जास्त मागितलं तर सिस्टिम ऐकत नाही. म्हणून पडद्याच्या खालच्या अर्ध्यात, जिथे अंगठा टेकतो, तिथे २०० डीपी उंचीचा एक बॉक्स धरा आणि त्यालाच लावा.

दुसरं, आणि माझ्या मते हेच मुख्य: सरकवणं ही सोय असू द्या, अट नको. प्रत्येक पानावर खाली, अंगठ्याच्या टप्प्यात, पूर्ण रुंदीचं 'पुढे' बटण द्या. तुमच्या काकूंच्या "बरं, मग?" या प्रश्नाचं उत्तरही तेच आहे. बटण पेजरच्या आत ठेवू नका, बाहेर खाली ठेवा, म्हणजे पान सरकतं तेव्हा बटण जागचं हलत नाही. दाबल्यावर कोरूटीनमधून (मागे चालणाऱ्या कामातून) पान सरकवणारं ॲनिमेटस्क्रोलटूपेज बोलवा. घाईत दोनदा दाबलं तर 'करंटपेज अधिक एक' धरल्यावर गडबड होते, कारण पान अर्ध्यावर येईपर्यंत करंटपेज बदलत नाही. दोन्ही दाबांचा हिशेब एकाच पानावर येतो. तिथे टार्गेटपेज, म्हणजे जिथे पोहोचायचंय ते पान, धरा.

मागे जाण्याचंही बघा. दुसऱ्या-तिसऱ्या पानावरून मागे केलं तर आधीच्या पानावर यायला हवं. 'मागे' पकडणारा बॅकहँडलर लावा आणि तो करंटपेज शून्यापेक्षा मोठं असेल तेव्हाच चालू ठेवा (पानांची मोजणी शून्यापासून असते). पहिल्या पानावर मात्र तो लावू नका. बाहेर जायचं असणाऱ्याला अडकवून ठेवणं बरं नाही. त्यापेक्षा पुढचं पान कडेला थोडं डोकावू द्या. हॉरिझॉन्टलपेजरला कंटेंटपॅडिंग (कडेची मोकळी जागा) दोन्ही बाजूंनी २४-३२ डीपी दिलं की शेजारच्या पानाची कड दिसते. पुढे काहीतरी आहे हे ठिपक्यांपेक्षा ती कड लवकर सांगते.

आता अडखळणं. दुसऱ्या पानावर पावतीचा फोटो आहे म्हणालात. तो फोनने काढून तसाच प्रकल्पात टाकलाय का? १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ३००० × ४००० ठिपके (पिक्सेल). जेपेग फाइल दोन एमबीची असली तरी पडद्यावर दाखवताना तो उलगडतो आणि प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट लागतात. झाले ४ कोटी ८० लाख बाइट, एका फोटोला. आणि स्वस्तातल्या फोनचा पडदा ७२० ठिपके रुंद! फोटो ७२० × ९६० करून वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात टाका, तोच हिशेब २७ लाख ६५ हजारांवर येईल.

शिरोरेषा: गूगलच्या मटेरियल ३ या तयार रचनेच्या मजकूर-शैलीत बॉडीलार्जला, म्हणजे मुख्य मजकुराला, अक्षरांमध्ये ०.५ एसपी (अक्षरांचं माप) अंतर दिलेलं असतं. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना ते खपतं. आपली अक्षरं वरच्या रेषेला टांगलेली, मध्ये अंतर आलं की रेषाच फाटते. तुमच्या टायपोग्राफीत सगळीकडे लेटरस्पेसिंग शून्य करा. त्याच जागी ओळीची उंचीही वाढवा. तयार शैलीत १६ एसपीला २४ आहे. देवनागरीला मी २६-२८ देतो, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांना भिडतात.

बाबांच्या फोनचं कोडं सोपं आहे. अँड्रॉइड ६ पासून ॲपचा डेटा गूगल खात्यात आपोआप बॅकअप होतो, ॲपने स्वतःहून नको म्हटलं नसेल तर. शेअर्डप्रेफरन्सेस (अशीच जुनी साठवण) आणि डेटास्टोअर दोन्हींच्या फाइली त्यात जातात. तुम्ही ॲप काढलंत, परत टाकलंत आणि सिस्टिमने जुनी खूण परत आणून ठेवली. माझ्या फोनवर का नाही झालं असं वाटेल, तर बॅकअप साधारण दिवसातून एकदा होतो, फोन चार्जिंगला, वाय-फायवर आणि पडून असताना. बाबांचा फोन रात्री तसाच असणार. ती फाइल बॅकअपमधून वगळायची तर अँड्रॉइड १२ आणि पुढे डेटाएक्स्ट्रॅक्शनरूल्स, त्याच्या मागच्यांना फुलबॅकअपकंटेंट, असे दोन्हीकडे नियम लिहावे लागतात. पण वगळायची का, हा विचार आधी करा. नवा फोन घेतलेल्या सभासदाने ओळख आधीच बघितलेली असते, त्याला परत कशाला?

---

माळरान

करवंद, मनापासून आभार. माझ्या फोनवर तीन बटणंच आहेत. इशारे चालू केले आणि पहिल्याच प्रयत्नात बाहेर फेकली गेले. दोन महिने हे ॲप रोज उघडतेय आणि मला ते एकदाही दिसलं नाही!

फोटोही तुम्ही म्हणता तसाच होता, थेट गॅलरीतून उचललेला. लहान करून टाकला, बाबांच्या फोनवर अडखळणं गेलं.

बॅकअपचं तुमचं म्हणणं पटतंय, पण आमच्याकडे एक अडचण आहे. पुष्कळ घरांत मुलगा पुण्या-मुंबईला असतो आणि आई-वडिलांच्या फोनमध्ये त्याचंच गूगल खातं असतं. मुलाने स्वतःच्या फोनवर ॲप बघितलं, तर तीच खूण वडिलांच्या नव्या फोनवर जाऊन बसायची. म्हणून मी ती फाइल वगळतेच आहे. ओळख दोनदा बघितली तर दहा सेकंद जातील. एकदाही दिसली नाही तर चुकीचा कोड टाकून माणूस बाबांना फोन करेल.

एक नवी गोष्ट दिसली. खूण डेटास्टोअरमधून वाचून होईपर्यंत ओळखीचं पहिलं पान पापणी लवावी तसं चमकून जातं आणि मग मुख्य स्क्रीन येतो. रोज उघडताना ते होतं. हे कसं थांबवू?

---

सांजवात

चमकण्याचं आधी सांगतो. डेटास्टोअर मागाहून उत्तर देतं आणि तुम्ही तोवर 'ओळख बघितलेली नाही' असं धरून चालता. तीन अवस्था ठेवा: अजून माहीत नाही, बघितली, नाही बघितली. पहिली अवस्था असेपर्यंत स्प्लॅश स्क्रीन (ॲप उघडताना येणारं चिन्हाचं पान) हलू द्यायचा नाही. कोअर-स्प्लॅशस्क्रीन लायब्ररीत सेटकीपऑनस्क्रीनकंडिशन आहे, तिथे 'माहीत नाही' असेपर्यंत ट्रू परत करा. चमक जाईल.

आता जे विचारलं नाहीत ते बोलतो, राग मानू नका. ही तीन पानं हवीतच कशाला? मी बारा वर्षं ॲपं बनवतोय. माझा अनुभव असा की लोक ही पानं वाचत नाहीत, ती संपवतात. सरकव, सरकव, सरकव, सुरू करा. ज्याला पानं वाचावी लागतात त्या ॲपचा मुख्य स्क्रीन नीट झालेला नसतो. तुमच्या पहिल्या पानावर काय लिहिलंय ते इथे टाका बरं. माझा अंदाज, 'स्वागत आहे' असेल.

आणखी एक. नोटिफिकेशनची परवानगी यांतल्या एखाद्या पानावर मागत असाल तर काढून टाका. अँड्रॉइड १३ पासून ती विचारावी लागते, आणि दोनदा नकार मिळाला की सिस्टिम पुन्हा तो प्रश्न दाखवतच नाही. ओल्या बोटाने चुकून दोनदा नकार दाबला गेला तर तो माणूस गेल्यातच जमा. पहिलं बिल बघून झाल्यावर विचारा, "पुढचं बिल निघालं की कळवू का?" तेव्हा तो हो म्हणेल.

---

माळरान

सांजवात, राग कसला. पहिल्या पानावर हे होतं: 'आपल्या दुग्धव्यवसायाचे डिजिटल व्यवस्थापन, आता आपल्या हातात.' इथे टाइप करतानाच लक्षात येतंय की आमच्या केंद्रावर हे वाक्य आजवर कुणी बोललेलं नाही. लोक विचारतात, "आज फॅट किती लागली?" आणि "बिल कधी निघतंय?" पहिलं पान मी काढून टाकते.

पण दुसरं पान काढणार नाही, आणि का ते सांगते, कारण इथे मला तुमचं म्हणणं पटत नाही.

आमच्या पावतीवर दोन आकडे छापून येतात. वर डावीकडे सभासदाचा कोड, आणि त्याच्याखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, त्या वेळच्या नमुन्याचा क्रमांक. कोड कायमचा, नमुन्याचा क्रमांक रोज बदलतो. रविवारी ज्या तिघांचं ॲप बंद झालं नाही, त्यांतल्या दोघांनी कोडच्या रकान्यात नमुन्याचा क्रमांक टाकला. एकाला दुसऱ्याच माणसाचं दूध दिसलं! ते आजोबा चष्मा वर करून म्हणाले, "मी अठरा लिटर कधी घातलं?" त्यांच्याकडे एक गाय आहे. (हे बघितल्यावर कोडसोबत मोबाइल नंबर जुळवायची तपासणी त्याच रात्री लावली. ती आधीच हवी होती.)

मुख्य स्क्रीन कितीही नीट केला तरी हातातल्या कागदावर नेमकं कुठे बघायचं हे त्याला सांगता येत नाही. मशीनच्या पावतीची छपाई माझ्या हातात नाही. म्हणून पावतीचा फोटो आणि कोडभोवती लाल गोल, हे पान लागणारच.

बिलाच्या पानाबद्दल मात्र विचार करतेय. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला मूळ दर, त्यावर-खाली पॉइंटला किती वाढ-घट, हे सभासदांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्यांना ते शिकवायची गरज नाही. ते पान माझ्या हौसेखातर होतं.

नोटिफिकेशन आता विचारत नाही. तुम्ही सांगितलंत तसं पहिल्या बिलानंतर विचारीन.

---

सांजवात

पावतीचं कारण ऐकून माझं मत बदललं. हातातला कागद आणि पडदा यांना जोडणारं पान असेल तर ते ठेवायलाच हवं. मग कोडचा रकाना त्याच पानावर, फोटोच्या खाली का देत नाही? फोटो बघायचा, कागद बघायचा, तिथेच आकडा टाकायचा. पान सरकवून पुढे गेलं की डोळ्यांसमोरचा फोटो जातो आणि मग माणूस आठवणीवर आकडा टाकतो.

फक्त कीबोर्ड वर आला की फोटो झाकला जाणार नाही एवढं बघा. आकड्यांचा कीबोर्ड ठेवा आणि पानाला आयएमईपॅडिंग (कीबोर्डएवढी जागा सोडणं) द्या.

---

पाऊलवाट

माझी भर थोडी वेगळ्या बाजूची. माझ्या आईला कमी दिसतं, ती टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) लावून फोन वापरते. टॉकबॅकमध्ये एका बोटाने सरकवलं की पान सरकत नाही, पुढच्या गोष्टीवर लक्ष जातं. पान सरकवायला दोन बोटं लागतात. 'पुढे' बटण नसलेल्या ॲपच्या पहिल्या पानावरच ती अडकते आणि मला हाक मारते. करवंद यांनी बटण द्या म्हटलंय ते तिच्यासाठीही तितकंच गरजेचं आहे. ठिपके ठेवणार असाल तर त्यांना एकत्र करून '२ पैकी पहिलं पान' असं वर्णन द्या. नाहीतर टॉकबॅक एकतर ते गाळतो किंवा सुटे सुटे चाचपडत बसावे लागतात.

अक्षरांचा आकार वाढवून बघा. अँड्रॉइड १४ पासून तो २०० टक्क्यांपर्यंत नेता येतो आणि गावाकडच्या पन्नाशीपुढच्या बऱ्याच फोनांवर मी तो मोठा केलेलाच बघितलाय. पानाच्या आत उभं स्क्रोल ठेवलं नाही तर मजकूर खाली कापला जातो आणि कापलाय हे कळतही नाही.

आणि टार्गेट ३५ म्हणालात. अँड्रॉइड १५ वर तेवढ्यामुळे ॲप पडद्याच्या कडेपर्यंत पसरतं, नेव्हिगेशन बारच्या मागेसुद्धा. तुमचं खालचं बटण अर्धं त्या पट्टीखाली जात असेल. नेव्हिगेशनबार्सपॅडिंग द्या. तीन बटणांच्या फोनवर हे जास्त जाणवतं, कारण तिथली पट्टी उंच असते.

---

माळरान

काल संध्याकाळी पुन्हा केंद्रावर गेले होते. काय काय केलं आणि काय दिसलं ते लिहिते, इतक्या जणांनी वेळ दिलात म्हणून.

आता दोनच पानं आहेत. पहिल्यावर मोठ्या अक्षरांत 'आज दूध किती भरलं, फॅट किती लागली, ते इथे दिसेल', त्याखाली खऱ्या पावतीसारखा दिसणारा एक नमुना आणि तळाला 'पुढे'. दुसऱ्या पानावर पावतीचा फोटो, कोडभोवती लाल गोल, नमुन्याच्या क्रमांकावर फुली, आणि लगेच खाली कोडचा रकाना. 'ओळख झाली' ही खूण आता पान बघितल्यावर नाही, कोड जुळल्यावरच लिहिते. आधी शेवटचं पान आलं की लिहीत होते. त्यामुळे रांगेत नंबर आला म्हणून मध्येच फोन खिशात टाकणाऱ्याला परत उघडल्यावर फोटो दिसायचाच नाही.

पानाची कड डोकावते ते फार उपयोगी पडलं. रविवारच्या त्या काकू परत भेटल्या. त्यांनी ती कड बघून बोट लावलं आणि पान थोडं ओढून सोडून दिलं, मग परत ओढलं. 'पुढे' बटण त्यांनी दाबलंच नाही. मी बटणाची इतकी काळजी केली होती आणि काकूंनी सरकवूनच दाखवलं. बाकी बहुतेकांनी मात्र बटणच दाबलं.

ओल्या हातांचा प्रश्न आहे, तो मला आधी सुचला नव्हता. कॅन धुऊन आलेल्या माणसाचं बोट पडद्यावर सरकत नाही, नाहीतर भलतीकडेच उडी मारतं. सरकवताना पान मध्येच अडून मागे फिरतं. बटणावर मात्र ओलं बोटही एकदा-दोनदा दाबून लागतं. म्हणून बटणाची उंची ५६ वरून ७२ डीपी केली. खालची पट्टी सोडून वर घेतलंय, पाऊलवाट यांनी सांगितलं तसं. ते खरंच अर्धं झाकलं जात होतं, बाबांच्या नव्या फोनवर.

अक्षर २०० टक्के करून बघितलं तर दुसऱ्या पानावर रकाना पूर्ण खाली गेला. स्क्रोल दिलंय, पण फोटो आणि रकाना एकाच वेळी दिसत नाहीत, म्हणजे सांजवात यांचा सगळा मुद्दाच तिथे हरवतो. सध्या अक्षर मोठं असेल तेव्हा पूर्ण पावतीऐवजी फक्त वरच्या दोन ओळींचा कापलेला फोटो दाखवतेय. कुणाला याहून चांगलं सुचलं तर सांगा.

शिरोरेषा जुळली. जुना अँड्रॉइड १० चा फोन ज्यांचा आहे त्यांना मी काही बोलले नव्हते, तरी त्यांनी स्वतःच फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हटलं, "आता छापल्यासारखं दिसतंय."

आणि शेजारचे काका. किटली डाव्या हातातच. अंगठा त्यांनी परत कडेवरूनच ओढला, पण या वेळी खालच्या भागात, करवंद यांच्या त्या २०० डीपीच्या पट्ट्यात. पान सरकलं. त्यांनी खिशातून पावती काढली, दातांत धरली, फोटोकडे बघितलं, पावतीकडे बघितलं आणि कोड टाकला. आजचं दूध ७.४ लिटर, फॅट ३.९. मग मला म्हणाले, "कालचं पण दाखवतं का हे?"

दाखवतं, पण त्यासाठी तारखेवर दाबावं लागतं आणि ते त्यांना कळलं नाही. आज रात्री तेच बघतेय.